टेस्ट रिपोर्टवरची सही

शिरोळपासून गारगोटीपर्यंत साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या माझ्या वायरमन व कॉन्ट्रॅक्टर बंधुभगिनींनो,

  ‘जिल्ह्यातील वीजतंत्र्यांना कामाच्या संधी आणि मोबदला’ असा विषय मला अध्यक्षीय भाषणासाठी दिला आहे.

संधी आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना इंडक्शन फर्नेसचं पॅनेल समजणारा माणूस हवा असतो. इचलकरंजीत साध्या मागाशेजारी शटललेस माग आले, त्यांचे ड्राइव्ह आणि कार्डं दुरुस्त करणारा हवा असतो. साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे. 2024 साली पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान मिळू लागलं, आणि छतावर चढून सोलर जोडणाऱ्यांना मागणी वाढली.

मोबदल्याचं मात्र ऐका. आयटीआय केलेल्या अ‍ॅप्रेंटिसला 2019 च्या नियमांनी महिना किमान 7 हजार ठरवले. महावितरणनं विद्युत सहाय्यकांच्या 5347 जागा काढल्या, त्यांत मानधन पहिल्या वर्षी 15 हजार, तिसऱ्या वर्षी 17 हजार. एवढ्यावरही पोरांची झुंबड उडते, कारण पुढे कायम होण्याची आशा असते. बाकीची पोरं बिल्डरच्या साइटवर पॉइंटच्या भावानं राबतात. भिंतीला झिरी मारायची, पाइप गाडायचा, वायर ओढायची, आणि बिल निघेल तेव्हा पैसे.

काम आहे तर पैसा का नाही? काल चर्चासत्रात एक सहकारी म्हणाले, परप्रांतीय पोरं भाव पाडतात. माझ्याकडे बिहारचा एक कारागीर बरीच वर्षं होता. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड असा बांधायचा की झाकण उघडून बघत राहावं. माझ्याकडे येण्याआधीच्या साइटवर बिल्डर पॉइंटला जो भाव देत होता, तो आपल्या पोरांना मिळतो तेवढाच होता. मधल्या ठेकेदारानं कापून त्याच्या हातात कमी ठेवला होता. भाव त्या पोरानं पाडला नव्हता.

दुसरे म्हणाले, आयटीआयच्या पोरांना काम येत नाही. 2019 च्या ऑगस्टचा महापूर आठवा. शिरोळ तालुक्यात पाणी ओसरलं, आणि गणपतीच्या आत लाईट हवी म्हणून लोक जिवाचं रान करत होते. एका दुमजली घरात मी आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला पोरगा पाठवला. त्यानं मेन बंद केला आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, लावला. 500 व्होल्टवर 1 मेगाओहम तरी दाखवायला हवं, काटा शून्यापाशी चिकटलेला. पोरगा म्हणाला, चालू करणार नाही. घरमालक भडकले. शेजाऱ्याला पाच मिनिटांत टेस्ट रिपोर्टचा कागद मिळाला, मग तुमचीच नाटकं का, म्हणाले. त्यानं काही न बोलता जमिनीलगतचा एक बॉक्स उघडला. पाइपातून गढूळ पाणी आणि पंचगंगेचा गाळ बाहेर आला. मालक गप्प झाले. खालच्या मजल्याची सगळी वायर ओढून काढली, नवी भरली, मगच मेन वर केला. शेजारच्या घराच्या कागदावर सही करणाऱ्यानं ते घर पाहिलंसुद्धा नव्हतं.

मित्रांनो, आपल्या पोटाचं दुखणं त्या कागदात आहे. वर्षानुवर्षं हे बोलायचं होतं, आज बोलतो. पूर्वी 1956 च्या वीज नियमांत आणि 2010 च्या विनियमांत होतं, 2023 च्या विनियमांतही आहे, की मांडणीचं काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावं. आपण काय करतो? परवाना भाड्यानं देतो. सही केलेले कोरे फॉर्म दुकानात ठेवतो आणि चार पैशांना विकतो. मग बिल्डरनं कुशल माणसाला जास्त पैसे का द्यावेत? चांगलं काम असो की वाईट, कागद त्याच भावात मिळतो. प्रत्येक जागी खरोखर मेगर लागला, अर्थिंग मोजलं गेलं, तर खराब काम उकलून पुन्हा करावं लागेल. पुन्हा करण्याचा खर्च डोक्यावर बसला की तोच बिल्डर पहिल्याच वेळी नीट करणारा वायरमन शोधत येईल आणि तो मागेल तो भाव देईल. पगारवाढीची निवेदनं मीही मंत्र्यांना दिली. त्यांतून हार-तुरे मिळाले, भाव मिळाला नाही.

दरपत्रक करायचं आहे, वायरमनांच्या विम्याचंही पाहायचं आहे. कार्यकारिणीनं त्यात लक्ष घालावं, मीही सोबत बसेन. पण त्याआधीचं काम तुमच्या-माझ्या हातातलं आहे. टेस्ट रिपोर्टवर कॉन्ट्रॅक्टरच्या सहीखाली, ज्यानं वायर ओढली त्या वायरमनचं नाव आणि परवाना क्रमांक आजपासून लिहायला सुरुवात करा. मेगर लावल्याशिवाय सही करू नका. आणि ज्यांच्या दुकानाच्या खणात सही केलेले कोरे फॉर्म पडले आहेत, त्यांनी घरी जाण्याआधी दुकानात जावं आणि ते फाडून टाकावेत, ही माझी हात जोडून विनंती.