‘मागितल्यास डेटा मिळेल’ : आपण लिहितो, आणि मग हरवतो

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आज सुरुवात एका मेलपासून करतो. गेल्या वर्षी मला नांदेडच्या एका विद्यार्थिनीचा मेल आला. एमटेक करतेय. "सर, तुमचा पेपर वाचला. त्यातला डेटा मिळेल का?" मला कोणी सर म्हणायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आधी मी जरा फुललोच.

पेपर कसला, तर बीटेकच्या शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट. जुन्या मराठी पुस्तकांतला छापील मजकूर कॉम्प्युटरला वाचता यावा म्हणून आम्ही चौघांनी पानांच्या स्कॅनमधून एकेक ओळ कापली आणि प्रत्येक ओळ हाताने टाइप केली. सहा हजारांवर ओळी झाल्या. हॉस्टेलवर चार महिने हेच चाललं होतं. मग एका छोट्या परिषदेत पेपर दिला, आणि त्यात शेवटी एक वाक्य टाकलं : मागितल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.

आता तिने मागितला. मी शोधायला लागलो. जुना लॅपटॉप विकलेला. हार्ड डिस्क जोडली, तर नुसती टकटक वाजायची. कॉलेजचं अकाउंट पास आउट झाल्यावर बंद झालं आणि सगळ्या फायली त्याच अकाउंटवर. तीन दिवसांनी मी तिला कळवलं, "सॉरी, मिळत नाहीये." तिचं उत्तर आलं, "ठीक आहे सर, मी परत टाइप करते."

ते वाक्य मला अजून टोचतं. आम्ही चौघांनी चार महिन्यांत केलेलं काम आता ती एकटी परत करणार होती.

बरं, हे फक्त माझ्यासारख्या आळशी माणसाचं होतं असंही नाही. 2014 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. दोन ते बावीस वर्षं जुन्या 516 शोधनिबंधांच्या लेखकांकडे संशोधकांनी डेटा मागितला. निबंध जितका जुना, तितका डेटा सापडणं कठीण. डेटा शाबूत असण्याची शक्यता, संख्याशास्त्रात जिला ऑड्स म्हणतात ती, दर वर्षी 17 टक्क्यांनी कमी होत गेलेली. कारणं अगदी घरगुती : ईमेल बदलले, आणि डेटा अशा डिस्कवर होता की ती आता चालवायलाच काही नाही.

या प्रकारानंतर मी रिपॉझिटरी धुंडाळायला लागलो. आपण इंजिनिअर मंडळी ‘रेपो’ म्हटलं की कोडच समजतो. ही रिपॉझिटरी वेगळी, संशोधनाचं साहित्य कायम जपून ठेवणारी. मला वाटायचं, तिथे फक्त पीडीएफ असणार. तर तसं नाही.

पहिलं, प्रीप्रिंट. म्हणजे नियतकालिकाने तपासून छापण्याआधीचा निबंध. 1991 मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेत लॉस अलामॉसला भौतिकशास्त्रज्ञांसाठी एक सर्व्हर सुरू केला, तोच पुढे ‘आर्काइव्ह’ झाला. उच्चार आर्काइव्ह, पण स्पेलिंगमध्ये मधोमध एक्स. ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वँकारे अनुमानाची सिद्धता 2002 आणि 2003 मध्ये तिथेच टाकली. कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती तिथूनच घेऊन वर्षानुवर्षं तपासली.

दुसरं, प्रबंध. आपल्याकडे गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’चं ‘शोधगंगा’ आहे. यूजीसीच्या 2009 च्या नियमानंतर पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा व्हायला लागले, आणि आज तिथे लाखो प्रबंध आहेत. मराठीतलेही. एरवी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटात बंद राहिले असते. जोडीला ‘शोधगंगोत्री’ आहे, तिथे सुरू असलेल्या संशोधनाचे आराखडे ठेवतात. म्हणजे कोण कशावर काम करतंय ते आधीच कळतं.

तिसरं, डेटा. इथे मी थांबणार आहे. ‘प्रोटीन डेटा बँक’ 1971 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात प्रथिनांच्या रचना होत्या. आता दोन लाखांच्या वर आहेत. एकेका रचनेमागे कुणाची तरी काही वर्षं गेलेली. पन्नास वर्षं लोक ठरलेल्या साच्यात, सगळ्यांना खुलं, असं ठेवत गेले. मग ‘अल्फाफोल्ड’ आलं, प्रथिनाची घडी कशी पडेल हे सांगणारं. त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ते मॉडेल शिकलं ते याच बँकेतल्या रचनांवर. 1980 साली आपली रचना जमा करणाऱ्याला याचा अंदाज तरी असेल का? आपल्या डेटाचा उपयोग कोणाला होईल हे आपल्याला कळतच नसतं.

चौथं, कोड. आणि हे आपल्या बिरादरीसाठी : गिटहबवर टाकलं म्हणजे जपलं असं नाही. अकाउंट डिलीट केलं की गेलं. ‘गूगल कोड’ही एकेकाळी कायमचंच वाटायचं, 2016 मध्ये बंद झालं. फ्रान्सच्या ‘इन्रिया’ने 2016 मध्येच ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प जाहीर केला. तो जगभरातला खुला सोर्स कोड इतिहासासकट साठवतो.

आणि हे सगळं इंटरनेटमुळे सुचलं असं समजू नका. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम केलं, 1,259 हस्तलिखितं पडताळून. पान उघडलं तर वर निश्चित केलेला पाठ, आणि खाली कुठल्या पोथीत काय वेगळं आहे त्याची बारीक टाइपातली नोंद. संपादकांचा निर्णय पटला नाही तर पुरावा तुमच्यासमोर आहे. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, अरे, हा तर डिफ आहे!

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रीप्रिंट तपासलेला नसतो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "संशोधनात सिद्ध झालं" म्हणून फिरवू नका. आणि प्रत्येक डेटा उघडा टाकायचा नसतो. पेशंटची माहिती, लोकांच्या मुलाखती, इथे परवानगी आणि नावं काढणं आधी.

माझं पुढे काय झालं? एका मित्राच्या जुन्या पेनड्राइव्हवर 1,900 ओळी सापडल्या. पुस्तकं कॉपीराइट संपलेली आहेत याची खात्री केली आणि त्या ‘झेनोडो’वर टाकल्या. ‘सर्न’ चालवते, फुकट आहे. नोंद केली की डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा क्रमांक. फायली चढवायला दहा मिनिटं लागली. रीडमी लिहायला अख्खा रविवार गेला, कारण फायलींना आम्हीच दिलेल्या नावांचा अर्थ मलाच लागेना. लायसन्सही निवडलं, नाहीतर घेणाऱ्याला कळत नाही वापरू की नको.

लिंक तिला पाठवली. तोवर तिने स्वतः 2,200 ओळी टाइप केल्या होत्या. तिने त्या पाठवल्या, आणि आता त्याच नोंदीची दुसरी आवृत्ती आहे. यावेळी तिचं नाव पहिलं.

तर मंडळी, तुमच्या बीटेकच्या, एमएच्या, पीएचडीच्या फायली आत्ता कुठे आहेत? आज रात्री ती डिस्क जोडून बघा, चालू होते का. झाली, तर तुमच्या सरांना, मॅडमना आणि जोडीदारांना विचारा, आणि शनिवारी बसून टाकून द्या. अडलं तर कमेंटमध्ये लिहा, मी रीडमीचा माझा नमुना देतो.

भेटू पुढच्या भागात.