पडदा उघडला नाही तरी

कवितेच्या माणसाने संगणकावर बोलावे, हे थोडे विचित्रच. पण एका रात्री माझ्या वीस वर्षांच्या कविता जाता जाता वाचल्या. त्या कशा वाचल्या, तेवढेच सांगतो.

अमरावतीच्या माझ्या घरात एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही मुक्त प्रणाली. त्या रात्री बटण दाबले, अक्षरे सरसर वर गेली आणि पडदा काळा राहिला. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ म्हणजे सगळे पुसणे!

मी अकोल्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामू, घाबरू नका. मशीन चालूच आहे, निस्ता पडदा उघडला नाही.’

लिनक्समध्ये चित्रांचा पडदा हा वरचा मजला असतो. खालचे घर त्याच्याशिवाय चालते. कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन या कळा एकत्र दाबल्या की त्या घराचे दार उघडते. तिथे नाव विचारतात, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना ठिपकासुद्धा दिसत नाही. कळफलक बिघडला असे मला वाटले; पण ती तिथली रीतच आहे.

आत गेलो. ‘एलएस’ लिहिताच फायलींची यादी आली, आणि मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन! माझ्या काळजात धस्स झाले. भाचा म्हणाला, त्या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही, आतले अक्षर शाबूत आहे. मग ‘डीएफ’ने जागा पाहिली, तर डिस्क गच्च भरलेली. पडदा उघडताना प्रणालीला काही बारीक नोंदी लिहाव्या लागतात. त्यांना जागाच नव्हती. जागा अडवली होती माझ्याच काव्यवाचनाच्या चित्रफितींनी! त्या काढल्या, संगणक पुन्हा सुरू केला, पडदा आला.

मग मी विचारले, हा पडदा आपल्या मर्जीने ठेवता येतो का? येतो. आज बहुतेक लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा कारभारी असतो. ‘सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट’ आणि पुढे ‘मल्टी-युजर डॉट टारगेट’ असे लिहिले, की पुढच्या वेळेपासून संगणक थेट अक्षरांत उघडतो. शेवटी ‘ग्राफिकल डॉट टारगेट’ लिहिले, की चित्रे परत. सध्या काय ठरले आहे, ते ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ सांगते. सारे इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे. पूर्वी रेड हॅटच्या घराण्यात इनिटटॅब नावाच्या फायलीतला पाचाचा आकडा तीन करावा लागे. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्राला असा पडदा मिटून ठेवणे मानवते.

नवशिक्यांना माझे सांगणे दोनच. बदल करण्याआधी परतीची आज्ञा कागदावर लिहून ठेवा. पडदा गेल्यावर ती पडद्यावर शोधता येत नाही. आणि कुणी ‘पुसावे लागेल’ म्हटले, तर आधी खालचे दार ठोठावून पाहा.

त्या रात्रीनंतर मी कवितांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवतो. चित्रफिती मात्र पुन्हा ठेवल्या नाहीत.