शिक्का वेगळा, मोर्तब वेगळं

जठारपेठेतल्या आमच्या घराची वाटणी चालू होती, तेव्हा आजोबांच्या पेटीत दगडी शिक्का निघाला. अक्षरं मोडी, तीही उलटी कोरलेली. काका म्हणाले, "काय करतं याले ठेवून? भंगारात दे." नाही दिला.

आपण 'शिक्कामोर्तब' म्हणतो ना, ते दोन वेगळे ठसे. मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर शिक्का, मजकूर संपला की मोर्तब. मग त्याखाली कुणाला ओळ घुसडता येत नसे. चीनमध्येही दगड, शिंग, बांबू कोरून शिक्के करतात. ठसा हिंगुळाचा, लालभडक. चित्रकार तो आजही उमटवतात.

तर, वाटणीपत्रावर माझी सही बाकी होती. मजकुराखाली अर्धं पान कोरं! मी सही केली आणि कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली. काका काहीच बोलले नाहीत.