निबंधात पैगंबरांचं उदाहरण देऊ का?

(सिंधुदुर्गनगरी येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सॉफ्टवेअरमधल्या करिअरवर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या महिन्यात कुडाळहून माझ्या भाचीचा फोन आला. ती एमपीएससीची तयारी करते. म्हणाली, "मामू, निबंधात पैगंबरांचं उदाहरण दिलं तर मार्क कापतील काय?" मी पटकन म्हणालो, "कशाला धोका घेतेस? गांधीजींचं दे." फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली. कारण हेच वाक्य कधीकाळी मला ऐकवलं गेलं होतं, आणि ते लागलं होतं. म्हणून आज करिअर बाजूला ठेवतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी जीआरई दिली. त्यात निबंध असतो. 'पुढाऱ्यानं तडजोड करावी का' अशा विषयावर सरावाला मी पैगंबरांचं उदाहरण लिहिलं. क्लासच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, "धार्मिक नको. तपासणारा कोण असेल सांगता येत नाही. स्टीव्ह जॉब्स लिही." मी मुकाट्यानं जॉब्स लिहिला. जॉब्सबद्दल मला काय माहीत होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेवढंच. परीक्षेतही तेच खरडलं, आणि गुण बेताचेच पडले.

कित्येक वर्षं मी ही गोष्ट सरांच्या नावानं बोटं मोडत सांगायचो. मग घरातली जुनी वही सापडली. तो परिच्छेद पुन्हा वाचला. नऊ वाक्यं होती, त्यातली सात स्तुतीची. महान, दयाळू, सर्वश्रेष्ठ. त्यांनी नेमकं काय केलं, हे एकाही वाक्यात धड नव्हतं. सरांचं कारण चुकीचं होतं, पण माझा परिच्छेद खरोखरच कच्चा होता. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. असं उदाहरण नियमात बसतं का? बसतं. यूपीएससीचा निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो, तीन तासांत दोन निबंध. २०१३पासून नीतिशास्त्राचा वेगळा पेपर आहे. त्याच्या अभ्यासक्रमातच भारतातल्या आणि जगातल्या नैतिक विचारवंतांचं योगदान, थोर नेते आणि सुधारकांच्या जीवनातून मिळणारी शिकवण हे मुद्दे आहेत. एमपीएससीच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीतही निबंधाला स्वतंत्र पेपर आहे. जीआरईत निबंधाला ० ते ६ गुण असतात. एक माणूस तपासतो आणि ई-रेटर नावाचा संगणकीय कार्यक्रम तपासतो. मी प्रोग्राम लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: त्या यंत्राला ना धर्म आहे, ना द्वेष. आणि माणसाला दिलेल्या निकषांत बघायचं असतं ते एवढंच, की कारण पटतं का आणि उदाहरण मुद्द्याला लागू पडतं का.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेवा. उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर ७८६ लिहायची आपल्याकडे सवय आहे, जशी दुसऱ्या कुणाला ॐ किंवा श्री लिहायची असते. ओळख पटेल अशी खूण करू नका, अशी परीक्षेची सूचना असते. ती पाळा. 'आमचे प्यारे नबी' असं लिहिलंत की तुम्ही स्वतःची ओळख सांगितलीत. 'प्रेषित मुहम्मद यांनी' असं कुणीही लिहू शकतं. महात्मा फुल्यांनी पैगंबरांवर कविता लिहिली, तिचं नाव 'मानव महंमद'. पालगडच्या साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकात त्यांचं चरित्र मराठीत मांडलं. उदाहरण घेणं म्हणजे धर्माचा दाखला जोडणं नव्हे.

मग लिहायचं कसं? माझी पहिली कसोटी: गुण सांगू नका, निर्णय सांगा. तडजोडीचाच विषय घ्या. इ.स. ६२८, हुदैबिया. पैगंबर आणि त्यांचे साथी उमऱ्यासाठी निघालेले, मक्केच्या वेशीवर कुरैशांनी अडवलेलं. तह लिहायला बसले. कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल म्हणाला, 'अल्लाहचे प्रेषित' हे शब्द आम्हाला मान्य नाहीत, वडिलांचं नाव लावा. लिहिणारे हजरत अली ते शब्द खोडायला तयार होईनात. पैगंबरांनी ते काढायला लावले आणि 'अब्दुल्लाहचा मुलगा मुहम्मद' एवढ्यावर तह केला. साथी नाराज झाले. त्या वर्षी उमरा न करताच सगळे परतले. दोन वर्षांनी, ६३० मध्ये, कुरैशांकडून तह मोडला गेल्यावर ते मक्केत आले, ते जवळजवळ रक्तपाताशिवाय. इथं कोंडी आहे, किंमत आहे, आपल्याच माणसांचा विरोध आहे, परिणाम आहे. परीक्षकाला हे हवं असतं.

मुलं विचारतात, नावापुढे दर वेळी दरूद लिहिला नाही तर बेअदबी होईल का? मी आलिम नाही, फतवा देत नाही. मी स्वतः दरूद जिभेनं म्हणतो आणि कागदावर 'प्रेषित' लिहितो. हुदैबियाचा कागद आठवला की मला त्यात अडचण वाटत नाही.

दुसरी कसोटी: तुमची श्रद्धा नसलेल्या माणसाला ते पटेल का? मेराजवर माझा ईमान आहे, पण मी ती पुरावा म्हणून लिहिणार नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, हेही निबंधात पुरावा होत नाही. पण १२९० मध्ये त्यांनी गीतेचा अर्थ लोकांच्या मराठीत आणला, हा ज्ञान सर्वांचं असावं या मुद्द्याला भक्कम आधार आहे.

तिसरी कसोटी: हे उदाहरण मला आधी सुचलं म्हणून देतोय, की ते इथं सर्वांत योग्य आहे म्हणून? समतेवर लिहायचं असेल तर हजरत बिलाल आहेत. पण १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसलेले साने गुरुजीही आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, ज्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. हे सगळे आपले आहेत. प्रत्येक निबंधात पैगंबर आणणं हाही आळसच, आणि एकदाही न आणणं ही भीती.

परीक्षकाच्या मनात आकस नसेलच, याची हमी मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. पण त्या अंदाजावर आपण आपलं सर्वांत ओळखीचं ज्ञान खोडायला लागलो, तर कागदावर उरतो तो माझ्यासारखा उसना जॉब्स.

भाचीला मी परत फोन केला. म्हटलं, हुदैबियावर आठ ओळी लिही. 'महान' हा शब्द वापरायचा नाही. मग वर्गातल्या मुसलमान नसलेल्या मैत्रिणीला वाचायला दे आणि एकच विचार, 'यांनी काय ठरवलं आणि का?' तिला सांगता आलं, तर बिनधास्त लिही. नाही आलं, तर दोष धर्माचा नाही, परिच्छेदाचा आहे. पुन्हा लिही.

तिच्या मैत्रिणीनं विचारलं म्हणे, "पण अली शब्द खोडायला तयार का झाले नाहीत?" आता भाची नववी ओळ लिहितेय.

तुम्हीही आज घरी जाऊन लिहा.