जुन्या चित्रपटांचे कागद आणि आपली घरे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



केंद्र सरकारच्या नोकरीत आम्ही अनेक गावांचे पाणी प्यालो. परंतु जपणुकीचा धडा घ्यावा असे तंजावुरासारखे दुसरे गाव आम्हांस आढळले नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथून मराठी नाटकाचा आरंभ मोजण्याची रीत होती. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी येथील शहाजीराजांच्या काळी मराठी नाटके रचली जात होती, हे आज आपण ताठ मानेने सांगतो. ते कशाच्या बळावर? सरस्वती महालात पोथ्या टिकल्या म्हणून. सरफोजी महाराजांनी ग्रंथ अफाट जमविले, आणि १९१८ साली ते भांडार सर्वांस खुले झाले. पोथी टिकली हे अर्धे काम. ती इतरांस पाहता आली, हे उरलेले अर्धे.

आता चित्रपटाकडे पाहावे. त्याचे वय पोथ्यांच्या मानाने थोडे, पण हानी केवढी! जवळच्याच तिरुवैयारूच्या टी. पी. राजलक्ष्मी या 'कालिदास' या पहिल्या तमिळ बोलपटाच्या नायिका. तो १९३१ साली मुंबईत आर्देशीर इराणी यांनी काढला. त्याच वर्षीचा त्यांचा 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट. दोहोंची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राजलक्ष्मीबाईंनी स्वतः दिग्दर्शित केलेला १९३६ चा 'मिस कमला'ही नाहीसा झाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी, आणि कालांतराने भुकटी होणारी. शिवाय तीतील चांदीसाठी कित्येक प्रती मोडीत गेल्या. अशा चित्रपटांची साक्ष आता छायाचित्रे, जाहिराती आणि गाण्यांच्या पुस्तिका एवढीच देऊ शकतात.

आपला संबंध याहूनही जवळचा आहे. प्रभात कंपनीने १९३४ साली 'सीता कल्याणम' हा तमिळ बोलपट काढला. मराठी कंपनी आणि तमिळ बोल, हा तर आपल्याच घरांचा संसार! अशा एखाद्या बोलपटाची पुस्तिका माळ्यावरच्या ट्रंकेत पडून नसेल, असे कोणी म्हणावे? आज जुनी घरे विकली जात आहेत, मुले चेन्नई-बंगळूरला आणि परदेशी स्थायिक होत आहेत. घर रिकामे करण्याच्या घाईत ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते.

"सरकारजमा झालेली वस्तू पुन्हा कोण पाहणार?" असा प्रश्न आम्हांस वडीलधारी मंडळी विचारतात. आम्ही स्वतः सरकारी नोकर असूनही ही शंका अनाठायी मानीत नाही. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पी. के. नायर यांनी वणवण करून फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग आणि 'कालिया मर्दन' तेथे आणले. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. ज्यांच्या प्रती आधी काढल्या होत्या, तेच चित्रपट वाचले. हे संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. यातून आम्ही एवढेच शिकलो, की एकच प्रत एकाच जागी ठेवणे हे जतन नव्हे. मग ती जागा घर असो वा सरकारी कोठार.

म्हणून आमची विनंती अशी. मंडळाने घरोघरच्या अशा कागदांची यादी करावी, प्रत्येकाची छायाप्रत मंडळात ठेवावी, आणि ती मागेल त्यास दाखवावी. मूळ वस्तू द्यावी की घरी ठेवावी, हे त्या त्या घराने ठरवावे. द्यावयाची झाल्यास यादीवर पोच अवश्य घ्यावी. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, टाचणी वा लॅमिनेशन करू नये. कावेरीकाठची दमट हवा आणि वाळवी यांपासून कागद दूर, भिंतीस न टेकता ठेवावेत. छायाचित्रातील माणसांची नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने मागे लिहावीत. आणि हे काम आजच करावे, कारण ती माणसे ओळखणारे डोळे आता ऐंशीच्या घरात आहेत.

येथे बसलेल्या आजी-आजोबांपाशी नातवंडांनी आज रात्रीच हा विषय काढावा, आणि पहिली नोंद उद्या मंडळाच्या वहीत व्हावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.