परीक्षेच्या आदल्या रात्रीचा कायदा

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

या सत्रासाठी मला 'मुलींचे कायदा-शिक्षण' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून मी एकाच रात्रीविषयी बोलणार आहे. आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा बारावीचा कायद्याचा पेपर होता, त्याच्या आदल्या रात्रीविषयी. त्या रात्री मी तिला शिकवायला गेले होते. प्रत्यक्षात काय झालं ते सांगते, आणि त्यात माझी जी चूक झाली तीही सांगते.

मुलगी पुण्यातली. आई घरोघरी स्वयंपाकाची कामं करते. वडील सोडून गेलेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या, त्यातून ही मुलगी पहिलीला एका इंग्रजी शाळेत गेली. पण ही सोय आठवीपर्यंतच. नववीपासून फी भरायची पाळी आली तेव्हा आईनं चार घरांची सहा घरं केली. शाळा केंद्रीय बोर्डाची. त्या बोर्डात अकरावी-बारावीला 'लीगल स्टडीज' हा विषय घेता येतो. ऐंशी गुणांचा लेखी पेपर आणि वीस गुणांचा प्रकल्प. मुलीनं हौसेनं विषय घेतला. प्रकल्प छान केला. लेखी मात्र राहिलं.

संध्याकाळी सात वाजता ती केंद्रात आली. हातात कुणाकडून तरी घेतलेलं जुनं पुस्तक. म्हणाली, "ताई, मला काहीच येत नाही. उद्या पेपर आहे."

आपल्यापैकी प्रत्येकीनं हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं आहे. मी तिला रागावणार होते की इतके दिवस काय केलंस. मग तिचा दिवस विचारला. पहाटे पाणी भरायचं, भावाचा डबा करायचा, शाळेतून आल्यावर भांडी, धुणं, संध्याकाळचा स्वयंपाक. आई रात्री आठला येणार. पेपर मुलीचा असला तरी नळाला पाणी यायची वेळ काही बदलत नाही. 'मुली शेवटच्या क्षणी अभ्यास करतात' असं आपण म्हणतो, तेव्हा आधीचे क्षण कुणी घेतले हेही विचारायला हवं.

मी तिच्या घरी गेले. पहिलं काम अभ्यासाचं नव्हतंच. नववीतल्या भावाला सांगितलं, आजची भांडी तुझी आणि उद्याचं पाणीही तुझं. त्यानं तोंड वाकडं केलं. आई कामावरून आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "ऊठ." मला वाटतं त्या रात्रीची खरी तयारी तिथूनच सुरू झाली.

मग आम्ही पुस्तक उघडलं. शेवटच्या रात्री काय करायचं, हे तुमच्याकडेही मुली विचारतील, म्हणून सांगते. नवा धडा उघडायचा नाही. धड्यांचे तीन ढीग करायचे: येतं ते, अर्धवट येतं ते आणि येत नाही ते. येत नाही त्या ढिगाला आज नमस्कार. वेळ द्यायचा तो अर्धवट येणाऱ्याला. प्रत्येक खटला चार ओळींत लिहायचा: काय घडलं, वाद कशाचा होता, न्यायालय काय म्हणालं, त्यातून लोकांना काय मिळालं. प्रसंग देऊन प्रश्न विचारला तर आधी माणूस कोण ते पाहायचं, मग त्याचा हक्क कोणता, मग कायदा कोणता आणि शेवटी त्यानं दाद कुठे मागायची. पुस्तक जुनं होतं. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. म्हणून ४९८-अ दिसलं की शेजारी पेन्सिलीनं ८५ आणि ८६ लिहायचं. अकरा वाजता पुस्तक मिटायचं आणि झोपायचं.

एक नियम मी आणखी घातला. प्रत्येक उत्तर आधी आईला मराठीत सांगायचं. आईला कळलं नाही तर तुलाही कळलेलं नाही असं समजायचं.

हा नियम मी मुलीसाठी घातला होता. उत्तरं इंग्रजीत घोकलेली होती, एक शब्द सुटला की सगळं गडगडायचं. आई मेथी निवडत बसली होती. ती आमच्यासाठी ऐकणारी होती, एवढंच. ती बोलायला लागेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्यांदा लोकअदालत आली. मुलीनं सांगितलं, तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीनं तडजोड होते. आईनं विचारलं, "म्हणजे तिथे गेलं की तडजोड करावीच लागते?" मुलीनं पुस्तक पाहिलं. नाही, संमती नसेल तर प्रकरण परत न्यायालयात जातं. पण तडजोड होऊन निवाडा झाला, की त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नाही. आई म्हणाली, "मग सही करायच्या आधी दहादा विचार करायला पाहिजे." मुलीनं हे वाक्य वहीत लिहून घेतलं. आपणही घ्यावं. किती बायकांना आपण 'जाऊ दे, मिटवून टाक' म्हणून पाठवतो आणि अपील नाही हे सांगायला विसरतो.

मग कायद्यातली वचनं आली. लॅटिन शब्द पाठ करून मुलगी थकली होती. मी म्हटलं, अर्थ सांग. ती म्हणाली, "कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही."

आईचे हात थांबले. "म्हणजे आम्हाला कुणी सांगायचं नाही आणि माहीत नाही म्हणून भोगायचंही आम्हीच?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. हे पुस्तकात नव्हतं. मला सुक दास खटला आठवला. अरुणाचल प्रदेशातला, सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा निकाल. आरोपीला वकील नव्हता, परवडत नव्हता. त्याला शिक्षा झाली. 'त्यानं मोफत वकील मागितलाच नाही,' असं सरकारपक्षाचं म्हणणं. न्यायालयानं ते मानलं नाही. या देशात बहुसंख्य लोकांना आपले हक्कच माहीत नसतात. माहीत नाही ते ते मागणार कसे? मागितला नाही म्हणून हक्क जात नाही, तो आहे हे सांगणं न्यायाधीशाचं काम आहे, असं ठरलं आणि शिक्षा रद्द झाली.

आई म्हणाली, "हे बरोबर बोलले."

त्याच ओघात मुलगी पुढचं उत्तर सांगायला लागली. संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ३९-अ हा अनुच्छेद आला: पैसा नाही म्हणून कुणी न्यायाला मुकू नये. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. कलम १२ मध्ये यादी आहे. मुलगी बोटं मोडत सांगत होती: अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, माणसांच्या व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, स्त्री किंवा बालक, अपंग, आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले.

"थांब," आई म्हणाली. "तिसरं काय म्हणालीस?"

"स्त्री किंवा बालक."

"कसली स्त्री? गरीब?"

मुलीनं परत वाचलं. नुसतं स्त्री. उत्पन्नाची अट शेवटच्या गटाला आहे, स्त्रीला नाही.

आई माझ्याकडे वळली. "ताई, यात मी बसते का?"

मैत्रिणींनो, या बाईला मी तीन वर्षं ओळखत होते. तिला पोटगीचा आदेश मिळालेला आहे हे मला माहीत होतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. महिना चार हजार रुपये. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की नवऱ्यानं चौदा महिने पैसे थकवले होते. वकिलानं नवा अर्ज करायला पैसे मागितले होते. तेवढे नव्हते. तिनं ठरवलं होतं, मुलीची बारावी होऊ दे, थकलेलं साठू दे, मग एकदमच मागू. आपल्या घरखर्चाच्या हिशेबानं हे शहाणपणाचंच आहे. पण कायद्याचा हिशेब वेगळा. थकलेली रक्कम वॉरंट काढून वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुन्या १२५ मध्ये हे होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पैसे त्या वाटेनं मिळण्याची वेळ टळून गेली होती, आणि दर महिन्याला आणखी एक महिना जात होता.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. कलम १२ ची हीच यादी मीही परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली होती. चांगले गुण मिळाले होते. त्यानंतर मी तिच्याशी रेशनकार्डाविषयी बोलले, मुलांच्या दाखल्यांविषयी बोलले, बचतगटाविषयी बोलले. पोटगी येते का, हे विचारलं नाही. 'आदेश झाला' अशी आमच्या नोंदवहीत नोंद होती आणि आमच्या लेखी ते प्रकरण मिटलं होतं. सुक दास खटल्यात सांगायचं काम न्यायाधीशाचं होतं. आमच्या वस्तीत ते माझं होतं.

मी तिला म्हटलं, "बसता. मी सांगायला हवं होतं."

ती म्हणाली, "आता तिचा पेपर होऊ दे. परवा जाऊ." आणि मुलीला, "पुढचं बोल."

अकरा वाजता पुस्तक मिटलं. पेपरच्या दुसऱ्या दिवशी आईनं कामाचा खाडा केला आणि आम्ही शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. बरोबर पोटगीच्या आदेशाची प्रत आणि आधारकार्ड. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर म्हणणं तिथे लिहून घेतात. अर्ज मुलीनं लिहिला, मराठीत. वकील नेमला गेला, वसुलीचा अर्ज दाखल झाला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. नेमलेल्या वकिलांकडे कामं खूप असतात, तारखा पडतात, फोन करत राहावं लागतं. नोटीस निघाल्यावर नवऱ्यानं काही महिन्यांचे पैसे भरले, बाकीचे अजून यायचे आहेत. मोफत वकील मिळाला म्हणजे न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. पण दाराशी उभं राहायला पैसे लागत नाहीत, हे तिला कळलं. आता तिच्याबरोबर स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांना ती ते सांगते. मुलगी त्या पेपरात चांगली पास झाली.

यातून आपल्या गटांनी काय घ्यायचं? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत केंद्र रात्री अकरापर्यंत उघडं ठेवूया. मुलींना सगळ्यात आधी जागा आणि वेळ हवा आहे. घरातली कामं त्या आठवड्यात कुणी करायची, हे पालकांच्या बैठकीत मुलग्यांसमोर बोलूया.

दुसरी. कुठल्याही मुलीच्या पुस्तकात संविधान असेल, नागरिकशास्त्र असेल, कायदा असेल, तर तो धडा तिनं आईसमोर, शेजारणींसमोर मोठ्यानं सांगावा असं पाहूया. मुलीची उजळणी होते आणि बायकांचे प्रश्न निघतात. आपली कायदा-शिबिरं आपण वकिलांना बोलावून घेतो. बायका गप्प बसून ऐकतात, शेवटी टाळ्या वाजवतात. मुलगी चुकली तर आई टोकते. वकीलसाहेबांना कोण टोकणार?

तिसरी आपल्यासाठी. घरी गेल्यावर आपापल्या नोंदवह्या काढा. 'आदेश झाला' असं जिथे जिथे लिहिलं आहे त्या प्रत्येक बाईकडे जा आणि विचारा, पैसे शेवटचे कधी आले? तारीख लिहा. त्या तारखेपासून वर्ष मोजा. विधी सेवेची मदतवाहिनी १५१०० आहे, ती केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

मुलीला मी त्या रात्री सांगितलं होतं की उद्याच्या पेपराला तीन तास आहेत, घाबरू नकोस. तिच्या आईचा वेळ चौदा महिने चालला होता, आणि तो मोजायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. ते मोजणं आपलं काम आहे. या महिन्यातच करूया.