विक्रमी विक्री झाली, मग शेअर का पडला?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)

मी पेशाने कॉम्प्युटर इंजिनीअर, शेअरबाजाराचा तज्ज्ञ वगैरे नाही. माझी पात्रता एवढीच की मी हात पोळून घेतलेत.

काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला मॉलमध्ये एका कंपनीच्या (नाव नको!) दुकानासमोर भली मोठी रांग पाहिली. घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून निकालाच्या आदल्या दिवशी तिचे शेअर घेतले. निकाल उत्तम लागला आणि शेअर आपटला. घाबरून विकून मोकळा झालो. घर दोन वर्षं लांबलं. बायको एवढंच म्हणाली, "अरे, रांग बघून वडापाव घेतात."

मग नीट अभ्यासाला बसलो. सगळ्यात बोलकं उदाहरण सापडलं ते ॲपलचं. नवे आयफोन आणि नाताळची खरेदी, दोन्ही ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये, त्यामुळे ही त्यांची सुगीच. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी या तिमाहीची विक्री ५४.५ अब्ज डॉलर जाहीर केली. आदल्या वर्षी ती होती ४६.३ अब्ज. तरी दुसऱ्या दिवशी शेअर १२ टक्के खाली! कारण नफा जिथल्या तिथे, सुमारे १३.१ अब्ज, आणि पुढच्या तिमाहीचा कंपनीचा अंदाज ४१ ते ४३ अब्ज. आता ५४ वरून ४३ वर येणं हा धक्का नव्हे. नाताळ संपला की विक्री उतरणार हे बाजाराला ठाऊक असतं, किमतीत ते आधीच धरलेलं असतं. विश्लेषकांनी त्याहून जास्त धरलं होतं, तिथे गाडी अडली.

आणखी एक गंमत. आदल्या वर्षीची ती तिमाही १४ आठवड्यांची होती, ही १३ आठवड्यांची. म्हणजे आठवड्याची सरासरी विक्री ३.३ वरून ४.२ अब्जांवर गेली होती! तुळशीबागेतला आकाशकंदीलवाला दिवाळीची तुलना आषाढाशी करत नाही, गेल्या दिवाळीशी करतो. पण दिवाळी यंदा ऑक्टोबरात आली की नोव्हेंबरात, हेही तो बघतो.

२०१९ मध्ये नेमकं उलट झालं. २ जानेवारीला टिम कुक यांनी पत्र लिहून अंदाज ८९ ते ९३ अब्जांवरून ८४ वर आणला, मुख्यतः चीनमधल्या मंदीमुळे. शेअर एका दिवसात १० टक्के पडला. महिनाअखेरीस प्रत्यक्ष आकडा आला ८४.३ अब्ज, आदल्या वर्षीपेक्षा ५ टक्के कमी, आणि शेअर जवळजवळ ७ टक्के चढला! वाईट बातमी पचून गेली होती.

आपल्या आयटीवाल्यांचं मात्र वेगळंच. त्याच डिसेंबरात क्लायंटची ऑफिसं बंद, फर्लो, बिलिंगचे तास कमी. इन्फोसिस, टीसीएससारख्यांनाही ही तिमाही म्हणूनच सहसा मंद जाते. म्हणजे माझा पगार आटतो नेमका तेव्हाच हाताला खाज सुटते. म्हणून जानेवारीत ब्रोकरच्या खात्याचा पासवर्ड बायकोकडे असतो.

बाकी प्रश्न चहा घेताना विचारा. बटाटेवडे गार होताहेत!